आधी बॉनेटला हात लावा: एफ-१५० कुठल्या सालचा घ्यावा, नवा की जुना

सकाळी साडेनऊची वेळ ठरली होती. ह्यूस्टनच्या बाहेर हायवेला लागून असलेल्या, जुन्या-नव्या गाड्या विकणाऱ्या एका लॉटवर पोचलो, तर ट्रक दारातच उभा. इंजिन चालू, एसी सुरू, सेल्समन हसतमुख. "तुमच्यासाठी गार करून ठेवलाय," म्हणाला. आत बसायच्या आधी मी सहज बॉनेटवर तळवा टेकवला आणि लगेच उचलला, इतकं ते तापलं होतं. गाडी पाचदहा मिनिटं नाही, चांगली तासभर फिरवून आणलेली होती. मी म्हटलं, उद्या येतो, उद्या मात्र थंड ठेवा. त्यावर "उद्यापर्यंत राहील की नाही सांगता येत नाही" असं उत्तर आलं. तो ट्रक मी घेतला नाही. पण कुठलाही पिकअप बघायला गेलो की पहिलं काम बॉनेटला हात लावायचं, हा नियम तेव्हापासून पक्का झाला.

गावी फोन करून काकांना सांगितलं होतं, "ट्रक घेतोय." ते म्हणाले, "बरं. ड्रायव्हर कोण ठेवलास?" आपल्याकडे ट्रक म्हणजे मालवाहतूक, आणि पिकअप म्हणजे मंडईत भाजी नेणारी. इथे टेक्सासात फुल-साइझ पिकअप म्हणजे घरची गाडी. ऑफिसला तीच, मुलांच्या सॉकरला तीच, आणि गणपतीच्या आदल्या शनिवारी मंडळाचे ढोल आणि मखराच्या फळ्या आणायलाही तीच. भारतात मिळणारी हायलक्स याच्याहून एक माप लहान.

या लेखात मी फोर्ड एफ-१५० धरून चाललो आहे. बाजारात तो सर्वांत जास्त दिसतो, आणि त्यातला एकेका सालाचा फरक मला पाठ आहे. शेवरले, रॅम, टोयोटाच्या टुंड्राबद्दल शेवटाकडे थोडं लिहिलंय. तपासण्याची रीत सगळ्यांना तीच.

पायरी १: आधी गॅरेज मोजा, मग गरज

हसू नका. चार दारांचा, साडेपाच फुटी बेडचा (बेड म्हणजे मागचा उघडा हौदा) एफ-१५० सव्वाएकोणीस फूट लांब भरतो. इकडच्या बऱ्याच घरांची गॅरेज वीस फूट खोल असतात, त्यात मागच्या भिंतीला वॉटर हीटर आणि आपल्या भारतातून आलेल्या बॅगांचं कपाट. रुंदी आरसे सोडून ऐंशी इंचांच्या आसपास. साडेसहा फुटी बेड घेतलात तर ट्रक ड्राइव्हवेवरच राहणार. काही सोसायट्यांचे नियम त्यालाही आडवे येतात.

मग गरज. वर्षातून दोनदा होम डेपोतून माती आणि फळ्या आणायच्या असतील तर भाड्याचा ट्रक स्वस्त पडतो, हे प्रामाणिकपणे सांगतो. ट्रेलर ओढायचा असेल, बोट असेल, किंवा नुसता हवाच असेल, तर पुढे वाचा. नुसता हवा असणं हेही कारण आहे. मी त्याच गटातला.

पायरी २: दारावरचं पिवळं लेबल

जाहिरातीत ओढण्याची क्षमता लिहितात: अकरा हजार पाउंड, तेरा हजार पाउंड. हा आकडा फसवा आहे. खोटा नाही, फसवा. जे२८०७ या मानकाप्रमाणे तो काढताना ट्रकमध्ये प्रत्येकी दीडशे पाउंडांची दोन माणसं धरलेली असतात. आपण जातो ते चौघं, वर कूलर, सायकली आणि डब्यांची पिशवी.

खरा आकडा ड्रायव्हरचं दार उघडल्यावर खांबावर चिकटवलेला असतो. पिवळी पट्टी असलेलं टायरचं लेबल. त्यावर माणसं आणि सामान मिळून अमुक किलो किंवा अमुक पाउंडांच्या वर जाऊ नये असं लिहिलेलं असतं. हाच पेलोड. तो मॉडेलचा नसतो, त्या एका ट्रकचा असतो. शेजारी उभ्या असलेल्या त्याच रंगाच्या ट्रकचा वेगळा असू शकतो.

माझ्या ट्रकच्या दारावर १,५५६ पाउंड लिहिलंय. आता ६,००० पाउंडांचा भरलेला कॅम्पिंग ट्रेलर जोडला असं धरू. ट्रेलरच्या वजनाचा १० ते १५ टक्के भार हिचवर (ट्रेलर जोडायच्या आकड्यावर), म्हणजे ट्रकच्या पाठीवर येतो. १३ टक्के धरले तर ७८० पाउंड. वजन वाटून देणारा हिच स्वतः ९०. आम्ही चौघं, ड्रायव्हर धरून, ५६०. बेडमध्ये जनरेटर, सायकली, कूलर मिळून २००. बेरीज १,६३०. म्हणजे मर्यादेच्या वर ७४ पाउंड, आणि तेसुद्धा कंपनीच्या ओढण्याच्या आकड्याच्या जवळपासही न जाता.

गंमत म्हणजे ट्रिम (सुखसोयींप्रमाणे ठरणारी श्रेणी) जितका महाग तितका पेलोड बहुधा कमी. पॅनोरमिक छत, आपोआप बाहेर येणारी पायरी, मोठ्या सीट, हे सगळं वजन त्या एकाच खात्यातून वजा होतं. साधा एक्सएलटी पुष्कळदा प्लॅटिनमपेक्षा जास्त उचलतो. म्हणून ट्रेलर ओढणाऱ्याने सेल्समनला पहिला फोन करून एकच गोष्ट मागावी: दारावरच्या लेबलाचा फोटो. देतो म्हणून न देणारा असेल तर पेट्रोल वाचलं.

तिथेच शेजारी दुसरं लेबल असतं. त्यावर ॲक्सलचा कोड मिळतो: एल९ म्हणजे ३.५५ गुणोत्तर (आकडा मोठा तितकी ओढ जास्त) आणि मागची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारं इलेक्ट्रॉनिक लॉक, एल६ म्हणजे ३.७३ आणि लॉक, २७ म्हणजे ३.३१. ओढायचं असेल तर ३.५५ च्या खाली जाऊ नका.

पायरी ३: साल बघू नका, साल आणि इंजिनाची जोडी बघा

लोक विचारतात, "२०१८ चा चांगला की २०२०चा?" प्रश्नच अपुरा आहे. त्याच सालात, त्याच पत्र्याखाली तीन-चार वेगळी इंजिनं असतात आणि प्रत्येकाची कुंडली निराळी. व्हिन नंबर म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक; त्यातलं आठवं अक्षर इंजिन सांगतं आणि दहावं साल: एच म्हणजे २०१७, जे २०१८, के २०१९, एल २०२०, एम २०२१, एन २०२२, पी २०२३, आर २०२४, एस २०२५. (आय, ओ, क्यू वापरत नाहीत.) अकरावं अक्षर एफ असेल तर ट्रक डिअरबॉर्नचा, के असेल तर कॅन्सस सिटीचा.

२०११ ते २०१४. साडेतीन लिटरचं दोन टर्बोंचं इकोबूस्ट आणि पाच लिटरचं व्ही-८, दोन्ही २०११ मध्ये आली. अंग पोलादी. सुरुवातीच्या इकोबूस्टमध्ये दमट हवेत इंटरकूलरात (टर्बोची हवा थंड करणाऱ्या भागात) पाणी साचून जोरात रेस दिल्यावर इंजिन अडखळायचं. ह्यूस्टनच्या हवेत हे लक्षात ठेवा. सहा गिअरच्या ऑटोमॅटिकमध्ये गती मोजणाऱ्या सेन्सरचा संकेत बिघडून गाडी अचानक खालच्या गिअरला पडायची. त्यासाठी २०११ ते २०१३ च्या गाड्या कंपनीने दुरुस्तीला परत बोलावल्या (यालाच रिकॉल म्हणतात), २०२४ मध्ये २०१४ च्याही. हे काम झालेलं नसेल तर घेऊ नका. झालं असेल आणि बजेट खरंच कमी असेल, तर पाच लिटरवाला बघा.

२०१५ ते २०१७. इथे मोठा बदल झाला. अंग ॲल्युमिनियमचं झालं आणि वजन जास्तीत जास्त ७०० पाउंडांपर्यंत उतरलं. २.७ लिटरचं लहान इकोबूस्ट आलं. ते अपेक्षेपेक्षा फार दमदार निघालं, फक्त पहिल्या वर्षांत त्याचा प्लास्टिकचा ऑइल पॅन गळायचा. पाच लिटरला अजून जुनाच सहा गिअरचा बॉक्स होता. मी स्वतः २०१७ चा पाच लिटर चालवतो, तेव्हा माझं मत एकतर्फी समजा. पण या जोडीत नव्या भानगडी सर्वांत कमी आहेत. तरी निष्कलंक नाही: मार्च २०२५ मध्ये वाहतूक सुरक्षा खात्याने २०१५ ते २०१७ च्या सुमारे १३ लाख एफ-१५० ची, त्याच अचानक गिअर पडण्याच्या तक्रारीवरून, चौकशी सुरू केली. माझा ट्रक त्यात येतो. म्हणून दर महिन्याला मी व्हिन टाकून बघतो.

२०१७ ते २०२० चं साडेतीन लिटर इकोबूस्ट. नवं इंजिन, दहा गिअर, ताकद भरपूर. दुखणं एकच पण महाग: कॅम फेझर, म्हणजे व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ पुढेमागे करणारा भाग. रात्रभर उभा ट्रक सकाळी चालू केला की दोन-चार सेकंद खडखड आवाज, डब्यात खिळे हलवल्यासारखा, आणि मग शांतता. गरम इंजिनावर हा आवाज येत नाही. आता लेखाच्या सुरुवातीचं बॉनेट का तापवलं जातं ते कळलं असेल. फोर्डने या सालांसाठी खास दुरुस्ती कार्यक्रम काढला होता. विक्रेत्याकडे फेझर बदलल्याची पावती मागा. "माझ्या माहितीप्रमाणे झालंय" ही पावती नव्हे. स्वतःच्या खिशातून करायचं झालं तर काही हजार डॉलर जातात.

२०१८ ते २०२० चं पाच लिटर. इथे सिलिंडरच्या आतला लायनर जाऊन फवारलेला थर आला आणि दहा गिअर मिळाले. काही इंजिनं तेल प्यायला लागली. कंपनीने त्यावर संगणकाचं प्रोग्रॅमिंग बदललं आणि डिपस्टिकही बदलली, नव्या काठीवरचा 'ठीक आहे'चा पट्टा जास्त रुंद. हे वाचून मी मोठ्यानं हसलो होतो. घेताना डिपस्टिक बघा आणि दोन तेलबदलांच्या मध्ये किती तेल ओतलं ते थेट विचारा.

याच काळातलं २.७ मात्र सुधारलेलं होतं. २०१९ किंवा २०२० चा २.७ लिटर एक्सएलटी, निगुतीने वापरलेला मिळाला, तर ट्रेलर लहान असलेल्या कुटुंबाला मी आजही तोच सुचवीन.

२०२१ ते २०२३. आतून चेहरामोहरा बदलला, मोठा पडदा आला, हायब्रिड आला. हायब्रिडचं खरं आकर्षण बेडमधले प्लग: २.४ किलोवॅट सोबतच, पर्यायी ७.२ किलोवॅट. चक्रीवादळात वीज गेली की फ्रिज आणि एक खिडकीचा एसी आरामात चालतो. २०२१-२२ च्या काही २.७ इंजिनांचे इनटेक व्हॉल्व्ह तुटण्याचा धोका निघाला आणि २०२४ मध्ये रिकॉल झाला. जास्त वजन ओढण्यासाठीच्या मॅक्स टो पॅकेजच्या मोठ्या ॲक्सलवाल्या २०२१-२३ च्या ट्रकांना मागच्या हबच्या बोल्टचा रिकॉल आहे.

२०२४ पासून पुढे. किरकोळ नूतनीकरण. जुनं ३.३ लिटर गेलं आणि २.७ हे पायाचं इंजिन झालं. नवा घ्यायचा तर यातलं २.७ किंवा पाच लिटर.

पायरी ४: घरी बसून करायची कामं

सरकारी रिकॉल साइटवर व्हिन टाका, फुकट आहे. विमा कंपन्यांच्या एनआयसीबी संस्थेची व्हिन तपासणीही फुकट, चोरी आणि सॅल्व्हेज (विमा कंपनीने भंगारात काढलेली गाडी) कळतं. कारफॅक्स हा गाडीच्या इतिहासाचा अहवाल विकत घ्या, पण त्यावर डोळे मिटून विसंबू नका. त्यात नोंदवलेलंच दिसतं. ऑगस्ट २०१७ च्या हार्वे वादळानंतर इथे पाण्याखाली गेलेल्या गाड्या दुसऱ्या राज्यांत जाऊन कोऱ्या टायटलवर (मालकीच्या कागदावर) परत आल्याचे किस्से कोणीही सांगेल.

आणखी एक बाब नव्या लोकांना ठाऊक नसते. १ जानेवारी २०२५ पासून टेक्सासात खाजगी गाड्यांची वार्षिक सुरक्षा तपासणी बंद झाली. हॅरिससारख्या काही काउंटींत धुराची चाचणी अजून आहे, पण ब्रेक, दिवे, टायर बघणारं आता कोणी नाही. ते तुम्हालाच बघायचंय.

पायरी ५: प्रत्यक्ष ट्रकपाशी

बॉनेट थंड? मग ते उघडा, तेल बघा, आणि चालू करताना आत न बसता पुढे उभे राहा. चावी दुसऱ्याला फिरवू द्या. पहिले पाच सेकंद बोलू नका.

डॅशबोर्डवरच्या मेनूत इंजिनाचे तास मिळतात. ही माझी सर्वांत आवडती तपासणी. मैलांना तासांनी भागा. एकदा ६८,००० मैलांचा स्वच्छ, पांढरा एक्सएल (सर्वांत साधा ट्रिम) दिसला. तास ४,९००. भागाकार चौदाच्याही खाली. घरगुती गाडीचा तीसच्या आसपास येतो. हा ट्रक दिवस दिवस जागेवर इंजिन चालू ठेवून उभा राहिलेला, बहुधा मिडलंड-ओडेसाकडच्या तेलविहिरींवर. ओडोमीटर ६८ हजार म्हणत होता, इंजिन त्याच्या दुप्पट चाललेलं.

अपघाताची दुरुस्ती ओळखायला आपल्याकडे पत्र्याला लोहचुंबक लावून बघतात, पुट्टी असेल तिथे चिकटत नाही. २०१५ पासूनच्या एफ-१५० ला तो कुठेच चिकटत नाही, अंगच ॲल्युमिनियमचं. त्याऐवजी दारांच्या फटी डोळ्यांनी मोजा, बोल्टवरचा रंग खरवडलेला आहे का बघा. ॲल्युमिनियम गंजत नाही म्हणून बेफिकीर होऊ नका, खालची चासी पोलादीच आहे. ट्रक मिशिगन-ओहायोच्या मिठाच्या रस्त्यांवरून आला असेल तर खाली झोपून टॉर्च मारा आणि स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. पापुद्रे निघाले तर उठा आणि घरी जा.

पुराच्या पाण्यासाठी सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. वरचे दोन फूट सगळे धुतात, शेवटच्या वीतभर पट्ट्यातली चिखलाची रेघ विसरतात. मागच्या सीटखालचा जॅकचा कप्पाही उघडा.

मग छताकडे बघा. मागच्या काचेवरच्या तिसऱ्या ब्रेक-दिव्यातून पाणी झिरपतं, छताच्या कापडावर चहाच्या डागासारखी कड दिसते. २०१५ ते २०२० च्या महाग ट्रिममध्ये मागच्या दिव्यातच ब्लाइंड-स्पॉटचा (आरशात न दिसणारी गाडी टिपणारा) सेन्सर असतो. आत वाफ धरली असेल तर एकेका दिव्याला हजार डॉलर लागू शकतात.

टायरवरचे चार आकडे वाचा: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. खाच भरपूर असली तरी सहा-सात वर्षांचा टायर टेक्सासच्या उन्हात म्हातारा झालेला असतो, चार टायरांचे पैसे भावातून उतरवा.

फोर-बाय-फोर असेल तर फोर-हाय (चारही चाकांना ताकद) आणि न्यूट्रलमध्ये थांबून फोर-लो (तेच, पण हळू आणि जास्त ओढीने), दोन्ही लावून बघा. टू-हायमध्ये (नेहमीच्या, फक्त मागच्या दोन चाकांवर) पुढच्या चाकातून घरघर आली तर हबची व्हॅक्यूम नळी गळते. दुरुस्ती मोठी नाही, पण दुर्लक्ष केलेलं असेल तर हब जातो.

चालवताना हायवेवर पळवण्यात वेळ घालवू नका, हायवेवर सगळे ट्रक चांगले वाटतात. सोसायटीतल्या रस्त्यावर, पाव ॲक्सिलरेटरवर, वीस-पंचवीस मैलांच्या वेगाने दहा मिनिटं फिरा. दहा गिअरच्या बॉक्सची ठेच खालच्या गिअरांत लागते, आणि सिग्नलला थांबताना मागून कोणी ढकलल्यासारखा धक्का बसतो.

शेवटी ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) लावा, वीस-पंचवीस डॉलरचा पुरतो. कोड नाहीत पण मॉनिटर (संगणकाच्या स्वतःच्या चाचण्या) 'तयार नाहीत' असं आलं, तर कोणीतरी कालच कोड पुसलेत. इथवर सगळं जमलं तर दीड-दोनशे डॉलर देऊन बाहेरच्या मेकॅनिककडून लिफ्टवर तपासून घ्या. मेकॅनिक तुम्ही निवडा, विक्रेत्याने सुचवलेला नको.

इतर कंपन्या, थोडक्यात

शेवरले आणि जीएमसीच्या ५.३ लिटरमध्ये सिलिंडर बंद-चालू करणाऱ्या यंत्रणेचे लिफ्टर (व्हॉल्व्ह उचलणारे भाग) निकामी होतात, टिकटिक आली तर सोडा. त्यांच्या २०२१ ते २०२४ च्या ६.२ लिटरचा एप्रिल २०२५ मध्ये मोठा रिकॉल झाला. टुंड्राचं २०२१ पर्यंतचं ५.७ लिटर व्ही-८ पेट्रोल पितं पण टिकतं, म्हणूनच जुनासुद्धा स्वस्त मिळत नाही. २०२२ पासून दोन टर्बोंचं व्ही-६ आलं, आणि २०२२-२३ च्या इंजिनांत कारखान्यातला धातूचा चुरा राहिल्याने रिकॉल झाला. रॅमची मागची स्प्रिंग कॉइलची, त्यामुळे बसायला सर्वांत मऊ. आईवडील भारतातून येऊन महिनोन्महिने राहणार असतील तर हे गौण नाही.

पायरी ६: नवा की जुना, हिशोब

नव्याला तीन वर्षं किंवा ३६,००० मैल पूर्ण वॉरंटी, इंजिन-गिअरबॉक्सला पाच वर्षं किंवा ६०,००० मैल. त्यामुळे ३०-४० हजार मैल चाललेला तीन वर्षांचा ट्रक हा मधला मार्ग: पहिली मोठी घसरण दुसऱ्याने सोसलेली, आणि गिअरबॉक्सची हमी अजून शिल्लक. माझा कल तिकडे.

नव्याच्या बाजूने एक नवा मुद्दा आहे. २०२५ ते २०२८ या करवर्षांत, अमेरिकेत जुळणी झालेल्या नव्या गाडीच्या कर्जावरचं वर्षाला १०,००० डॉलरपर्यंतचं व्याज उत्पन्नातून वजा करता येतं. एफ-१५० त्यात बसतो. पण जोडप्याचं उत्पन्न २ लाख डॉलरच्या वर गेलं की सवलत आटत जाते, त्यामुळे नवरा-बायको दोघंही आयटीत असलेल्यांनी फार हुरळून जाऊ नये. एच-१ वर असाल तर काही बँका कर्जाची मुदत व्हिसाच्या तारखेपाशी तोडतात, हप्ता एकदम फुगतो. कर्जाची मंजुरी शोरूममध्ये जाण्याआधी क्रेडिट युनियनकडून (इथल्या सभासदांच्या पतसंस्थेकडून) घेऊन ठेवा.

घासाघीस मासिक हप्त्यावर कधीच करू नका. "सगळं धरून, दाराबाहेर पडताना किती?" हा एकच आकडा ईमेलवर मागा, तीन ठिकाणांहून. काचेची फिल्म, टायरात नायट्रोजन, दाराच्या कडेचं रबर असल्या गोष्टी आठशे-हजार डॉलरला चिकटवलेल्या असतात, त्या काढायला सांगा.

खाजगी माणसाकडून घेत असाल तर टेक्सासात ६.२५ टक्के कर भरावा लागतो, आणि तो तुम्ही दिलेल्या किमतीवर किंवा राज्याने ठरवलेल्या प्रमाण किमतीच्या ८० टक्क्यांवर, जे जास्त असेल त्यावर. त्यामुळे ओळखीत स्वस्त मिळाला तरी कर स्वस्त होईलच असं नाही. फॉर्म १३०-यू वर दोघांच्या सह्या लागतात आणि तीस दिवसांत टायटल नावावर करायचं असतं. विक्रेत्याला घेऊन काउंटी टॅक्स ऑफिसात जा आणि चेक तिथेच, खिडकीसमोर द्या. टायटलवर बँकेचं नाव अजून दिसत असेल, तर कर्ज फिटल्याचं पत्र हातात येईपर्यंत चेकबुक खिशातच राहू द्या.